मासा पोहत गेला, म्हणून तो वाचला असं नाही

गळाने मासे धरणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: 'मासा सोडायचा असेल तर कोरड्या फडक्यात घट्ट धरा, गळ ओढून काढा, जबड्याला धरून फोटो घ्या आणि सोडून द्या. पोहत गेला म्हणजे वाचला.' मासा सोडावासा वाटणं चांगलंच. पण या सल्ल्याने तो मरतो.

फडक्याचं आधी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर बुरशी आणि जंतूंना अडवतो. कोरडं फडकं तोच पुसून टाकतं. हात ओले करूनच मासा धरा.

गळ ओठात असेल तर पक्कडीने सोडवा. गिळला असेल तर ओढू नका, आतडी फाटतात. तोंडाजवळ दोरी कापा, गळ आत राहू द्या. अशाने मासा जगण्याची शक्यता जास्त असते. गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलात तर निम्मं काम तिथेच होतं.

सगळ्यात जास्त राग मला जबड्याला लटकवलेल्या फोटोंचा येतो. पाण्यात माशाचं वजन पाणी पेलतं. उभा टांगला की सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. ऑस्ट्रेलियात जिताडा जातीच्या माशांवर झालेल्या प्रयोगात जबडा पकडणाऱ्या चिमट्याने तोंडाला जखमा झालेल्या दिसल्या. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीकाठी गायमुखला किंवा दिवाळे गावात तुम्ही ज्या मोठ्या जिताड्याबरोबर फोटो काढता, ती बहुधा लाखो अंडी देणारी मादी असते. फोटो हवाच असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा, दुसरा हात पोटाखाली घ्या आणि मासा पाण्यालगतच धरा. दहा सेकंद पुरे, कारण पाण्याबाहेर कल्ल्यांचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि मासा गुदमरतो.

आता 'पोहत गेला' याबद्दल. दमलेला मासा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही मरतो. तो आपल्याला दिसत नाही, इतकंच. एप्रिल-मेमध्ये धोका वाढतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणून उन्हाळ्यात जाड दोरी वापरा, माशाला खेळवत बसू नका. सोडताना मागेपुढे घुसळू नका, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या, शेपटी मारून तो स्वतः निघेपर्यंत.

थाय मांगूर हा परदेशी मासा गळाला लागला तर मात्र तो परत तलावात सोडू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो तिथले इतर मासे खातो.