मामांची गोळी आणि 'बॅटरी दुप्पट चालवा'

सांगलीच्या मामांची रक्तदाबाची गोळी गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस चुकली. आठवण करून देणारं ॲप दिवाळीत मीच त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं, रात्री आठला वाजायचं. वाजलंच नाही, कारण मामांनीच त्याचा गळा दाबला होता. "अगं, ग्रुपवर आलंय. सगळी ॲप फोर्स स्टॉप करायची, बॅटरी दुप्पट चालते!"

तो मेसेज माझ्याकडेही चार ग्रुपांतून येऊन गेलाय. दर तासाला सगळी ॲप स्वाइप करून उडवा, सेटिंगमध्ये जाऊन एकेक फोर्स स्टॉप करा, रॅम (फोनची तात्पुरती स्मृती) साफ करणारं ॲप टाका, गुगल प्ले सर्व्हिसेस (ॲपना सूचना वगैरे पोचवणारी गुगलची सेवा) बंद करा. खाली जोडलेले हात आणि 'सर्वांना पाठवा'.

फोर्स स्टॉपचं आधी, कारण घात त्यानेच केला. अँड्रॉइडमधलं ते बटण अडून बसलेल्या ॲपसाठी आहे. दाबलं की ॲपने लावलेले गजर रद्द होतात, आणि तुम्ही ते पुन्हा स्वतः उघडेपर्यंत बाहेरून आलेली सूचनाही त्याला पोचत नाही. फोन बंद करून चालू केला तरी नाही. गोळीची आठवण, नातवाचा व्हिडिओ कॉल, बँकेच्या ॲपची सूचना, सगळं गप्प. आणि हे रोज नेमाने करा म्हणे! काही फोनमध्ये तर नुसतं स्वाइप केलं तरी जवळपास हेच होतं.

बरं, त्यातून बॅटरी तरी वाचते का? स्वाइपच्या यादीत दिसणारी बहुतेक ॲप चालू नसतातच, रॅममध्ये झोपलेली असतात. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. उलट उडवलेलं ॲप उघडताना फोनला ते पहिल्यापासून उभं करावं लागतं. मळून झाकलेली कणीक टाकून दर पोळीला नव्याने मळायची, तसलं हे काम. मार्च 2016मध्ये एका ग्राहकाने आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीचे प्रमुख असलेल्या टिम कुकना ईमेल करून विचारलं होतं, तुम्ही ॲप सारखी बंद करता का, बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? आयफोनचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या क्रेग फेडेरिगींचं उत्तर आलं: नाही, आणि नाही. त्याच सुमारास गुगलमध्ये अँड्रॉइड सांभाळणारे हिरोशी लॉकहायमरही तेच म्हणाले, वर हेही की त्याने बॅटरी किंचित जास्तच जाऊ शकते. ही यंत्रं बनवणाऱ्यांपेक्षा आपला ग्रुप शहाणा असेल तर प्रश्नच मिटला.

रॅम साफ करणारं ॲप स्वतः मागे चालतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही? आणि प्ले सर्व्हिसेस बंद केल्या की कितीतरी ॲपच्या सूचनाच थांबतात.

आता एक मान्य करते, नाइलाजाने. एखादं ॲप खरंच मागे बसून लोकेशन विचारत राहतं आणि बॅटरी खातं. पण ते शोधायला सगळ्यांना मारायची गरज नाही. सेटिंगमध्ये बॅटरी उघडा, कोणी किती खाल्ली ती यादी दिसते. त्या एकट्याचं मागे चालणं बंद करा, लोकेशन 'ॲप वापरताना' एवढंच ठेवा.

मामांच्या फोनवर ही यादी उघडली, तर सगळ्यात वर कीर्तनाचे व्हिडिओ, स्क्रीन पूर्ण उजेडात. उजेड मी निम्म्यावर आणला, गोळीचं ॲप उघडून आठचा गजर पुन्हा लावला. मामांना मात्र उजेड कमी केल्याचंच जास्त वाईट वाटलंय.