एका अक्षराचं तिकीट

आमच्या टीमचा कारभार पूर्वी एक्सेल शीट आणि चहाच्या टपरीवर चालायचा. शीट बघून कुणालाच काही कळायचं नाही, टपरीवर सगळ्यांना सगळं कळायचं. मग वरून फर्मान निघालं: प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आणा. पारदर्शकता येणार म्हणे.

लॉगिनच्या पानावर एका शब्दात एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. खोडायला अर्धं मिनिट. पण आता तिकिटाशिवाय, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमध्ये कामाची नोंद केल्याशिवाय, बदललेला कोड मूळ कोडमध्ये मर्ज होत नाही. आणि एपिक, म्हणजे ज्याच्या पोटात अशी तिकिटं येतात ते मोठं काम, निवडल्याशिवाय तिकीट सेव्ह होत नाही. शुद्धलेखनाचा एपिक कोण कशाला काढेल? यादीत सर्वांत वर होता तो निवडला, 'पेमेंट गेटवे मायग्रेशन'. खाली लाल चांदणीवाला रकाना: 'व्यवसायावर होणारा परिणाम'. मी एक टिंब दिलं. किमान वीस अक्षरं हवीत, असं उत्तर आलं. एक अक्षर खोडायला वीस लिहिली.

मग पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज. तो प्रत्येकाने पत्ता टाकून सांगायचा; पत्ते 1, 2, 3, 5, 8, 13 असे. फिबोनाचीने 1202 मध्ये मांडलेले हे आकडे त्याच्याही आधी आपल्याकडे हेमचंद्राने लघु-गुरूंचे छंद मोजताना काढले होते. त्यातून निदान छंद तरी मोजले गेले. मी 1 टाकला, टेस्टिंगवालीने 5, 'रिग्रेशन कोण करणार?' म्हणून; रिग्रेशन म्हणजे बदलामुळे जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी. तोडपाणी होऊन 3 ठरले.

"तीन पॉइंट म्हणजे किती तास?" मॅनेजर.

"सर, पॉइंट म्हणजे तास नव्हेत."

"ते माहितीये रे. पण अंदाजे किती तास?"

2001 साली अमेरिकेत, युटातल्या एका स्की रिसॉर्टवर 17 जणांनी जमून अजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याची सुरुवातच अशी की, प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा. त्याच अजाइलच्या नावाने आमच्या गळ्यात आधी साधन पडलं आणि संवाद कॉमेंटमध्ये गेला. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी मला '@' लावून विचारतो, 'जेवायला येतोस का?'

अक्षर दुसऱ्याच दिवशी खोडलं गेलं. तिकीट मात्र 'इन रिव्ह्यू'मधून सरळ 'डन'मध्ये सरकेना. ती परवानगी ॲडमिनकडे, आणि ॲडमिन रजेवर.

तेवढ्यात क्लायंटचा फोन आला. डॅशबोर्डवर पेमेंट गेटवेचं काम लाल दिसतंय, एवढा उशीर का? ते काम कधीच संपलं होतं; अडलं होतं ते माझं अक्षर. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहत, आवाज न चढवता, 'काही तांत्रिक अडचणी' सांगितल्या आणि आठवडाभराची मुदत मागून घेतली. क्लायंटने दोन आठवडे दिले.