सुपारी, इसार आणि एकपानी करार

महाराष्ट्रात लोककलेची चर्चा बहुधा दोन प्रसंगी रंगते: एखादा पुरस्कार जाहीर झाला की, किंवा एखादा वृद्ध कलावंत हलाखीत सापडला की. दोन्ही वेळा गाडी शासनाने काय द्यावे या प्रश्नावर येऊन थांबते. ज्येष्ठ कलावंतांचे मासिक मानधन २०२४ मध्ये ५,००० रुपये झाले, हे योग्यच झाले; पण ती उतारवयाची सोय आहे. फडातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर पोवाडे, भारुडे किंवा लावण्या गाणाऱ्या तिशीतल्या कलावंताने पुढच्या वर्षाच्या तारखा कशा भराव्यात, याबद्दल त्या चर्चेत अवाक्षरही नसते. उत्तर इंग्लंडमध्ये राहून इथल्या लोकगायकांचा व्यवहार जवळून पाहताना ही उणीव मला अधिक खटकते.

इथला फोक क्लब म्हणजे बहुतेक वेळा पबची वरची खोली. आधी स्थानिक हौशी मंडळी एक-दोन गाणी म्हणतात, मग पाहुणा गायक बसतो, मध्यंतरात सोडत निघते आणि तिचे पैसे क्लबच्या खर्चाला लागतात. पाहुण्याची बिदागी एकतर ठरलेली असते, किंवा किमान रकमेची हमी देऊन तिकीटविक्रीतला वाटा दिला जातो. हा पाहुणा सहसा स्वतःच स्वतःचा मॅनेजर असतो. तो शनिवारच्या मोठ्या कार्यक्रमाची तारीख आधी पक्की करतो आणि मग त्याच वाटेवरच्या गावांतील क्लबांना लिहून मधले मंगळवार-बुधवार भरतो, म्हणजे पेट्रोलचा खर्च विभागला जातो. मुक्काम पुष्कळदा आयोजकाच्याच घरी. करार एका पानाचा असतो: तारीख, गाण्याचा वेळ, रक्कम, ध्वनियंत्रणा कोणाची आणि कार्यक्रम रद्द झाल्यास कोणी किती सोसायचे. १८९३ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली म्युझिशियन्स युनियन सभासदांना अशा कराराचे नमुने देते आणि थकलेल्या वसुलीतही मदत करते. एवढे करूनही यांतले अनेक जण आठवडाभर शिकवण्या घेऊनच घर चालवतात, हेही सांगितले पाहिजे.

यावरून आपल्याकडे काहीच व्यवस्था नव्हती असे म्हणणे मात्र अडाणीपणाचे ठरेल. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पुढारी येतात, ज्या तारखेला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात त्या तारखेचा भाव चढतो, इसार दिला जातो आणि सुपारी पक्की होते. ग्लासगोच्या सेल्टिक कनेक्शन्स या १९९४ पासून भरणाऱ्या महोत्सवात देशोदेशीचे आयोजक कलावंत निवडायला येतात. त्याचे कौतुक ऐकताना मला नारायणगावच आठवते, फक्त गळ्यात ओळखपत्रे नसतात इतकेच. अडचण वेगळीच आहे. तिथे सौदा करतो तो फडमालक. कलावंत पावसाळ्यात त्याच्याकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो; भाव कसा ठरला, तारीख का गेली, हे शिकण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. तो एकटा बाहेर पडला की त्याच्यापाशी गळा असतो, डफ असतो, पण राहुटी नसते. २०२० आणि २०२१ च्या यात्रा बंद पडल्या तेव्हा मालकही बुडाले आणि कलावंतही.

हक्कांच्या बाबतीत तर आपण फारच गाफील आहोत. ब्रिटनमध्ये पारंपरिक गाण्याला स्वतःची चाल किंवा बांधणी देणारा गायक ती पीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे नोंदवू शकतो, कार्यक्रमानंतर गायलेल्या गाण्यांची यादी पाठवतो आणि पुढे थोडीफार रक्कम त्याच्या खात्यात येते. भारतात याच कामासाठी आयपीआरएस १९६९ पासून आहे, शिवाय २०१२ च्या कायदेदुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला सहजासहजी लिहून घेता येत नाही. स्वतःचा पोवाडा स्वतः रचणारा शाहीर हा गीतकारच नव्हे काय? पण तो रेकॉर्डिंगवाल्याने पुढे केलेल्या कागदावर सही करतो आणि चहा पिऊन घरी येतो. लोककलेच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत गण-गौळणीइतकेच महत्त्व या सहीला मिळावे, अशी माझी मागणी आहे.

आम्ही परदेशातले मराठी लोक यात धुतल्या तांदळासारखे नाही. आमचीच मंडळे सभागृहाच्या मालकाशी चार पानांचा करार करतात, अनामत भरतात, रद्द केल्यास किती पैसे बुडतील हे निमूट मान्य करतात; आणि गावाकडून येणाऱ्या गायिकेशी मात्र सगळे व्हॉट्सॲपवर ठरवून शेवटी ‘ताई, तुम्हाला इथे एक्स्पोजर मिळेल’ असे ऐकवतात. एका मंडळाने कार्यक्रम झाल्यानंतर अपेक्षेपेक्षा गर्दी कमी आली म्हणून बिदागीत काटछाट केल्याचे मी पाहिले आहे. त्याच सभागृहाचे भाडे पूर्ण दिले गेले होते. अमेरिकेत तर पारंपरिक कलावंतांसाठी पी-३ हा स्वतंत्र व्हिसा आहे आणि त्याच्या अर्जाला कराराची प्रत, किंवा निदान तोंडी ठरलेल्या अटींचा गोषवारा, जोडावाच लागतो. परक्या सरकारला दाखवायला जो कागद आम्ही तयार करतो, त्याचीच एक मराठी प्रत, बिदागीचा आकडा, इसार, प्रवासखर्च आणि रद्द झाल्यासची भरपाई लिहून, तिकीट काढण्याआधी त्या ताईंच्या हाती द्यायला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.