मोटारीला दम लागत नाही

सायकलनं चढताना माझे पाय सलग दीडशेएक वॉट देतात, तेही कुरकुरत. युरोपात विजेवरच्या सायकलच्या मोटारीला कायद्यानं २५० वॉट मंजूर केलेत आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही मुभा ७५० वॉटपर्यंत जाते. म्हणजे गरीब कायद्यातसुद्धा माझ्यापेक्षा मोटारच दांडगी.

बरं, हे २५० वॉट सलग चालण्याचे. चढ लागला की तीच मोटार काही वेळ ५०० च्याही पुढे जाते आणि कायद्याला ते खपतं. उपवास कडक, फक्त भूक लागेपर्यंत! काही बहाद्दर तर वेगाच्या सेन्सरलाच गंडवतात. सायकल चाळीसनं पळत असते, मोटार समजते वीसच.

हे सगळं हमरस्त्यावर चाललं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण डोंगरातली पायवाट सगळ्यांची: चालणारे, पळणारे, कुत्री, सायकलवाले. उतारावरून सायकल सुसाट येते हे यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक असतं, म्हणून सगळे वर बघत चालतात. आता संकट खालून येतं, आणि तेही आवाज न करता. माझ्यासारखा बिनमोटारीचा चढताना निदान धापांनी तरी वर्दी देतो.

त्यात वाटेचा जुना संकेत असा, की उतरणाऱ्यानं चढणाऱ्यासाठी थांबावं. कारण चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं म्हणजे दिव्य. मोटारवाल्याला कसलं आलंय दिव्य? पॅडल जरा दाबलं की स्वारी निघाली. हक्क मात्र तो पुरेपूर वसूल करतो. मी उतरताना ब्रेक दाबून काटेरी झुडपात उभा, आणि हा वर जाता जाता फोनवर कुणाला तरी कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगतोय.

माझं म्हणणं साधं आहे. वॉट मोजत बसू नका. अरुंद वाटेवर चढताना ताशी बाराला मदत बंद करा, मग मोटार हत्तीएवढी का असेना. गुडघे गेलेल्यांनाही वर जाता येईल आणि चालणाऱ्यांचाही जीव भांड्यात पडेल.

ही सूचना मी एका मोटारवाल्या गृहस्थांपुढे ठेवली, दोघंही चढत असताना. ती कशी अव्यवहार्य आहे हे त्यांनी माझ्या शेजारून जात टॉर्क, बॅटरी आणि व्यक्तिस्वातंत्र्य या तिन्ही अंगांनी समजावलं. मला श्वासच पुरेना, त्यामुळे सूचना बिनविरोध फेटाळली गेली.