घराला गॅसेस झालेत

जुन्या घरात पाहुणे आले की आमच्या पोटात गोळा येतो, कारण कुणीतरी आंघोळीला जाणार आणि इकडे बेसिन बोलायला लागणार. बादली उपडी केली रे केली की बेसिनच्या तळातून आधी गुडगुड, मग एक लांबलचक ढेकर, आणि त्यापाठोपाठ वास. पाहुणे छताकडे बघतात, आम्ही पाहुण्यांकडे.

आणि पाणी तुंबलं की प्रत्येकजण डॉक्टर होतो. कुणी म्हणतं सोडा नि व्हिनेगर घाल (फेस छान येतो, बघायला मजा येते, पाणी जागचं हलत नाही), कुणी म्हणतं सरळ ॲसिड ओत. ॲसिडवाल्यांपुढे मी हात जोडतो. आधी कुणी ड्रेन क्लीनरची पावडर टाकली असेल तर त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, त्यावर ॲसिड पडलं की सगळं उकळून तोंडावर उडतं, आणि ब्लीचवर पडलं तर क्लोरीन गॅस, म्हणजे तुंबलेलं राहिलं बाजूला.

मग बेसिनखाली बादली लावून ट्रॅप, म्हणजे तिथला वाकडा पाइप, उघडला. आतून निघाला साबणाने माखलेला केसांचा काळाकुट्ट दोर, टूथपेस्टचं झाकण आणि कानातल्याची हरवलेली फिरकी. फिरकीचा आनंद दोन मिनिटं टिकला, कारण लगेच केस कुणाचे हा विषय निघाला आणि लांबी मोजून वगैरे झाली. पाणी मात्र तसंच रेंगाळत.

शेवटी प्लंबरकाका आले. त्यांनी बेसिनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, विचारलं काय तर, "वर जायला शिडी आहे का?"

तर भानगड अशी. ट्रॅपच्या वळणात कायम थोडं पाणी साचून राहतं, दोन-तीन इंच, तेवढंच काय ते गटाराच्या वासाला अडवतं. ही वळणाची आयडिया 1775 सालची, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीच्या पेटंटमधली. पण पाणी पाइपातून धावत खाली गेलं की मागून हवा लागते, ती द्यायला छपरावर व्हेंट पाइप असतो, आणि तो बुजला की पाइप जवळच्या ट्रॅपमधून हवा ओढतो, म्हणजे ती गुडगुड, आणि ओढता ओढता ट्रॅपमधलं पाणीच पळवतो, म्हणजे तो वास. आम्ही खाली पंप मारतोय आणि दुखणं छपरावर!

व्हेंटमध्ये पालापाचोळा आणि रिकामं घरटं निघालं. आता तोंडाला मोठ्या भोकांची जाळी आहे, बारीक जाळी स्वतःच तुंबते म्हणे.

बेसिन त्याच दिवशी गप्प झालं. बाथरूमचं पाणी अजून जरा नखरे करतं, कारण आडवा पाइप मध्ये खचलाय, 40 फुटांना 1 फूट असा काहीतरी उतार हवा तर आमच्याकडे मधे चक्क चढ आहे. ते काम म्हणजे फरशी फोडणं, त्यामुळे घरात त्या विषयावर सगळ्यांना एकदम कमी ऐकू येतं. मागच्या मोरीचा ट्रॅप कुणी वापरत नसल्यामुळे सुकतो, तिथे अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायची ड्यूटी माझ्याकडे आलीये. केसांचा निकाल अजून लागलेला नाही, पण मला सगळ्यांनी एकमताने निर्दोष सोडलंय, माझ्या डोक्याकडे एकदा बघून.