डावीकडचं शून्य

वीज मोजणाऱ्या पॉवर मीटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) समोर पडद्यावर ढळढळीत लिहिलेला असताना तो सापडायला किती वेळ लागावा? काल मला तीन तास लागले. आणि सापडला तोही मला नाही, टॉर्च धरून उभ्या असलेल्या काकांना.

तयारी चोख होती. वायर जोडलेली, पोर्टावरचा हिरवा दिवा लागलेला. मेनूत शिरून पाहिलं: डीएचसीपी (पत्ता आपोआप देणारी सोय) बंद, पत्ता १९२.१६८.०१०.०५०, गल्ली ठरवणारा मास्क २५५.२५५.२५५.०००. लॅपटॉपला त्याच गल्लीतला १९२.१६८.१०.२० दिला, पडद्यावरचा पत्ता जसाच्या तसा टाइप करून पिंग मारला, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक दिली. शांतता. वायर बदलली. शांतता. फायरवॉल बंद केली, मीटर बंद करून चालू केला. तीच शांतता.

काका मात्र शांत नव्हते.

“साहेब, मीटर चालू आहे ना?”

“आहे.”

“मग अडलंय कुठं? २३१ व्होल्ट दिसतायत की.”

“तो आकडा तिकडे कॉम्प्युटरवर दिसायला हवा.”

“तिकडे कोण बघतं?”

याचं खरं उत्तर ‘कुणीच नाही’ असं होतं, म्हणून मी वायर तिसऱ्यांदा दाबून बसवली. काकांचा टॉर्च मीटरच्या स्टिकरवर सरकला. “हे काय?” मॅक पत्ता, म्हटलं. बारा अक्षरं, कारखान्यातूनच येतात. आयपी आपण देतो. “म्हणजे हे पाळण्यातलं नाव,” काका म्हणाले, “आणि ते हाक मारायचं.” इतकं सोपं मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला रागच आला.

एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे कुठल्या आयपीमागे कुठला मॅक याची लॅपटॉपवरची यादी. मीटरचं पाळण्यातलं नाव त्यात नव्हतंच. केबल ठीक असून मॅक दिसत नाही, म्हणजे हाक भलत्याच दारात जातेय, हे तिथंच उमगायला हवं होतं. मी आणखी एकदा पिंग मारला.

“साहेब, तुम्ही दहा लिहिलंत. हिथं आठ कसं आलं?”

पिंगची पहिली ओळ म्हणत होती: १९२.१६८.८.४०. ही ओळ मी वीसेक वेळा पाहिली होती, वाचली एकदाही नव्हती.

कारण असं की पिंगसारखी बरीच साधनं शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरणारा, समजतात. ०१० म्हणजे ८, ०५० म्हणजे ४०. वायफाय चालू राहिलेला, त्यामुळे माझे पिंग राउटरवाटे उंडारायला निघून जात होते. पत्त्यात ०८० असतं तरी वाचलो असतो. अष्टमानात ८ हा अंकच नाही, लगेच चूक दाखवली असती. मीटरवाले शून्यं भरतात, कारण बाणाच्या बटणांनी तीन-तीन घरं बदलायची सोय त्यांना सोपी पडते. मग पुस्तिकेत एक ओळ लिहा की, टाइप करताना ही शून्यं गाळा! दीडशे पानांत ती मावली नाही. मीटर भिंतीवर किती सेंटिमीटरवर बसवावा याची मात्र आकृती आहे.

“डावीकडच्या शून्याला किंमत नसते,” काका म्हणाले. “पोरांनाबी ठाऊक.”

शून्यं काढली. पहिल्याच फटक्यात चार उत्तरं.

पुढचं नेहमीचं. मॉडबसचा (मीटरशी बोलायच्या भाषेचा) पोर्ट क्रमांक ५०२, युनिट आयडी (त्या भाषेतला मीटरचा क्रमांक) कुठं १ तर कुठं २५५. पुस्तिकेत ४०००१ छापलेलं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) मागायचं ते ० म्हणून. दशांशाचा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला. त्यांचा क्रम उलटा लागला तर २३१ व्होल्टचे कधी जवळपास शून्य, कधी भलताच आकडा. तेही झालं. नंतर तोच पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, नाहीतर उद्या तो एखाद्या प्रिंटरला मिळायचा आणि दोघं भांडत बसायचे.

खाली आलो तेव्हा काका सगळ्यांना सांगत होते, “काही नाही हो, साहेबांचं एक शून्य जास्त पडत होतं.”

दोन. दोन पडत होती.