दहा मिनिटांत ‘लो’ होणारी एस-क्लास

गेले काही महिने एक व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. जुनी मर्सिडीज एस-क्लास, पुढचं चाक पूर्ण वळवलेलं. एक माणूस मडगार्डच्या आत हात घालून बोटभर लांबीची दांडी काढतो, तिच्या जागी आटे असलेली चकचकीत दांडी बसवतो, गाडी सुरू करतो आणि ‘फुस्स’ करून गाडी खाली बसते. सोबतचा मजकूर असा: एअर सस्पेन्शनच्या गाडीला स्प्रिंग बदलायची गरज नाही, अशा दांड्यांचा, म्हणजे लिंकचा, साडेतीन हजारांचा संच घ्या, घरच्या घरी दहा मिनिटांत दोन इंच खाली. गाडी रस्त्याला चिकटून चालते. हवा कमी भरावी लागते, म्हणून कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढतं. अलाइनमेंट करायला नको. आरसीवर उंची लिहिलेलीच नसते, तेव्हा आरटीओचा प्रश्न नाही. आणि कंटाळा आला तर काढून टाका, गाडी जशीच्या तशी.

मी हा संच स्वतः बसवला होता. २०१० ची, सेकंडहँड घेतलेली लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) एस-क्लास, आणि आठ महिने वापर. खाली बसलेल्या गाड्या मला आजही आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हा कुणी काका उपदेश करतोय असं वाटायचं.

स्प्रिंग बदलावी लागत नाही, हे खरं. या गाडीत लोखंडी स्प्रिंगच नाही. रबराचे फुगे आहेत, गॅरेजमध्ये त्यांना ‘बलून’ म्हणतात. जोडीला हवा भरणारा एक कॉम्प्रेसर, ती फुग्यांत वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि गाडी किती उंच आहे हे सांगणारे सेन्सर. सेन्सरला छोटा हात असतो आणि तो हात त्या दांडीने सस्पेन्शनच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भुजेला, जोडलेला असतो. मागे तीन माणसं बसली, डिकी भरली, की गाडी दबते, हात फिरतो, कंट्रोल युनिटला कळतं, हवा भरली जाते आणि गाडी ठरलेल्या उंचीवर येते. आता दांडीची लांबी बदलली तर हात फिरतो, पण गाडी होती तिथेच असते. युनिटला वाटतं गाडी उंच झाली. हात मूळ कोनात येईपर्यंत ते हवा सोडत राहतं. शेवटी गाडी दोन इंच खाली, आणि युनिटच्या मते सगळं जागच्या जागी. आपण गाडीला ‘खाली ये’ असं सांगितलेलंच नसतं, ‘तू उंच आहेस’ अशी थाप मारलेली असते. त्या उंचीच्या भरवशावर चालणाऱ्या बाकीच्या कुणालाही या थापेची खबर नसते. व्हिडिओतला जवळपास प्रत्येक दावा इथेच लंगडा पडतो.

‘घरच्या घरी दहा मिनिटांत’ हे पहिलं, कारण त्यात हात जाऊ शकतो. दांडी सुटली की सेन्सरचा हात मोकळा लोंबतो. त्या क्षणी सिस्टीम जागी असेल तर लोंबता हात तिला ‘फार उंच’ असाही वाटू शकतो, आणि मग ती त्या कोपऱ्यातली हवा सोडून देते. इंजिन बंद आहे म्हणजे सिस्टीम झोपली, असं नाही. दार उघडलं किंवा किल्लीचं बटण दाबलं तरी ती जागी होते, आणि हवा सोडायला कॉम्प्रेसर लागतच नाही. जवळपास दोन टनांची गाडी, टायर आणि मडगार्ड यांच्यात तुमचं मनगट, आणि पलीकडून पोरगं पाण्याची बाटली काढायला दार उघडतं. व्हिडिओत एकही घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावलेली दिसत नाही. गाडीचं वजन घोड्यांवर घेतल्याशिवाय या कामाला हात लावू नका, आणि किल्ली घरात ठेवा.

दहा मिनिटं लागतात ती एक दांडी बदलायला. उंची जुळवायला मला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्यातला तासभर सपाट जागा शोधण्यात. आमच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार आहे, हे तोवर मला माहीतच नव्हतं. सेन्सर आर्मवर चाकापासून बराच आत, सांध्याच्या जवळ जोडलेला असतो. त्यामुळे दांडीत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे चाकाशी दोन-तीन मिलिमीटर. डाव्या-उजव्या दांडीत दोन आट्यांचा फरक राहिला की गाडी अर्धा सेंटीमीटर एका खांद्यावर. दर वेळी दांडीची लांबी पक्की धरणारा चेक नट सैल करा, आटा फिरवा, गाडी एक चक्कर फिरवून आणा, स्थिर होऊ द्या, मग टेप लावा. मर्सिडीजच्या वर्कशॉपमध्ये तर मडगार्डची उंची मोजतच नाहीत. आर्मचा कोन मोजायचं वेगळं यंत्र असतं आणि ते आकडे स्कॅनरमधून युनिटला दिले जातात. गंमत म्हणजे नंतर कधी कुणी हे कॅलिब्रेशन नीट केलं, तर युनिटला गाडीची खरी उंची कळते आणि ते तिला पुन्हा वर उचलतं. तुमची थाप पकडली जाते.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही, ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. हेडलाइट. या गाड्यांच्या झेनॉन दिव्यांचा झोत आपोआप वर-खाली होतो. पुढच्या आणि मागच्या उंचीत फरक पडला, म्हणजे डिकीत वजन आलं आणि नाक वर गेलं, की झोत खाली केला जातो. हा फरक त्याच उंचीच्या आकड्यांवरून कळतो. समजा, तुम्ही मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त खाली घेतली. बऱ्याच जणांच्या हातून तसं होतंच, कारण मागची कमान चाकावर उतरलेली छान दिसते. युनिटच्या लेखी गाडी अजून सपाटच आहे, म्हणून ते झोत हलवत नाही. लांब एस-क्लासचा व्हीलबेस ३,१६५ मिलिमीटर. पंधरा भागिले तीन हजार एकशे पासष्ट, म्हणजे जवळपास अर्धा टक्का. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली रोखलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर. त्यातला निम्मा उतार गेला. पंचवीस मीटरवर झोत बारा सेंटीमीटर वर चढला, समोरच्या मारुतीवाल्याच्या डोळ्यांच्या दिशेने.

मला हे गणिताने कळलं नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला डिपर मारत होता, आणि मी डिपरवरच होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून खडूने रेघ मारली, तेव्हा कोडं सुटलं.

‘रस्त्याला चिकटून चालते.’ यात तथ्याचा कण आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन कमी होतं. गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर धरला आणि गाडी चार सेंटीमीटर खाली घेतली, तर सुमारे सात टक्के. वाईट नाही. पण आर्मचे कोन बदलल्यावर ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो रोल सेंटरही खाली जातो, आणि बऱ्याचदा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. दुसरं, बलूनमधल्या हवेचा दाब गाडीच्या वजनावर ठरतो, आणि वजन तेवढंच राहिलं. आकारमान मात्र कमी झालं. तेवढ्याच दाबाची हवा लहान जागेत कोंडली की स्प्रिंग कडक होते. त्यात चाकाला वर जायला जागाही कमी उरली, म्हणून चाकाला शेवटी अडवणारा बंप स्टॉपचा रबर लवकर गाठला जातो. एस-क्लासचं ते पाण्यावर तरंगल्यासारखं चालणं, ज्यासाठी आपण पैसे मोजले, ते गेलं. गुळगुळीत ट्रॅकवर सात टक्के जाणवतीलही. पुण्याच्या पौड रोडवर मला जाणवला तो बंप स्टॉप.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक म्हणजे ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. एवढ्या रुंद उंचवट्यावर एस-क्लासची चारही चाकं एकाच वेळी चढतात, म्हणून गाडीच्या पोटाला पूर्ण दहा सेंटीमीटर द्यावे लागत नाहीत. ३,१६५ च्या व्हीलबेसला हिशेब येतो सुमारे साडेसात सेंटीमीटर. माझ्या गाडीच्या मधोमध एक्झॉस्टखाली टेपने १४ सेंटीमीटर भरले. चार सेंटीमीटर खाली घेतल्यावर उरले दहा, त्यातले साडेसात गतिरोधकाचे, हातात अडीच. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावरून लो केलेली गाडीही हळू नेली तर निघते.

पण नियमातला गतिरोधक तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? आमच्या सोसायटीच्या फाटकातला मी मोजला: रुंदी ७० सेंटीमीटर, उंची १२. एवढा अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाला लागते. मूळ गाडी दोन सेंटीमीटरने निघायची, लो केलेली दोन सेंटीमीटरने अडकायची. इलाज म्हणजे डॅशबोर्डवरचं गाडी उचलायचं बटण. ते दाबायचं, गाडी वर येईपर्यंत थांबायचं, मागचा हॉर्न वाजवतोय तो ऐकायचा, आणि मग तिरकं घ्यायचं. ‘चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फुटला’ हे वाक्य ज्यांनी एकदा तरी टो ट्रकमध्ये बसून घरी फोनवर सांगितलंय, त्यांना यापुढचं सांगायला नको.

कॉम्प्रेसरच्या दीर्घायुष्याचा दावाही याच फाटकात निकालात निघतो. एकदा हवा सोडली म्हणून पुढचं काम कमी होत नाही. माणसं चढली-उतरली की पूर्वीइतकीच ये-जा चालू राहते. वर दिवसातून आठ वेळा उचलायचं बटण, ते आलंच. कॉम्प्रेसर तापतो तो असा सारखा सारखा चालवल्यानेच. त्याला चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट एकदा चिकटले की तो बंदच होत नाही, जळेपर्यंत चालतो. मेकॅनिक लोक कॉम्प्रेसरबरोबर रिलेही बदलायला सांगतात ते उगाच नाही.

अलाइनमेंट करायला नको, हे वाक्य लिहिणाऱ्याने टायरचे पैसे स्वतः भरलेले नसावेत. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो, टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळणं) बदलतो. चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेवर चालायला लागतो. त्यात टो बिघडलेला असेल तर टायर घासतच जातो. माझ्या अलाइनमेंटवाल्याने टो सरळ करून दिला, पण मागचा कॅम्बर फिरवायला जागाच नाही म्हणाला. त्यासाठी वेगळे आर्म घालावे लागतात आणि त्यांच्यापुढे लिंकचा संच म्हणजे चिल्लर.

आता आरसी. तिच्यावर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, हे बरोबर. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतले तपशील आणि उत्पादकाने दिलेले तपशील यांच्यात तफावत येईल असा बदल करू नये म्हणतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणेच वाचलं. तरी क्षणभर मान्य करू की आरसीचा मुद्दा वादाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ मात्र आरसीच्या रकान्यांवर थांबत नाही. सुटे भाग बसवून केलेला बदलही त्यात धरला आहे. कायद्याने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावरचा हवालदार वाकून तुमची दांडी बघणार नाही, हे मलाही कळतं. अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर मात्र वाकतो, आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेमचा वाद तिथूनच सुरू होतो.

‘जर्मनीत तर सगळेच करतात’ हे प्रत्येक चर्चेत कुणीतरी म्हणतंच. करतात. आणि मग टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडी नेऊन तपासून घेतात, बदल गाडीच्या कागदांवर चढवून घेतात. ती अर्धी गोष्ट व्हिडिओत येत नाही.

राहिलं ‘काढून टाका, गाडी जशीच्या तशी’. आठ महिन्यांनी मी संच काढला, मूळ दांड्या लावल्या, गाडी उठून पूर्वीच्या उंचीवर आली. दांड्यांपुरता दावा खरा निघाला. मागचे दोन्ही टायर बाहेरून बघितले तर नक्षी नव्यासारखी. चाक काढून आतली कड बघितली तर तारा दिसत होत्या. बलून आठ महिने नव्या घडीवर दुमडत होता, आता जुनी घड पुन्हा उलगडली, आणि तिथला दहा वर्षांचा रबर बारीक तडकलेला होता. तो आज ना उद्या गेलाच असता, हे मी मान्य करतो. पण गेला तो त्याच आठवड्यात. सकाळी खाली आलो तर गाडी पुढच्या डाव्या खांद्यावर बसलेली, मडगार्ड टायरवर टेकलेलं. सुरू केली, कॉम्प्रेसर पाच मिनिटं घरघरला, आणि ती काही उठली नाही. त्या एका बलूनचं बिल साडेतीन हजारांच्या संचाच्या दहापटीहून जास्त आलं. व्हिडिओतल्यापेक्षाही खाली बसली होती गाडी त्या दिवशी.